तीन पोती तुरटी

बाटली यायची ती नुसत्या आकड्यानं. ना कुठून आली त्याचा पत्ता, ना कुणी भरली त्याचं नाव. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा आणि सोबत एक कागद. कागदावर एकच प्रश्न आणि उत्तरासाठी एकच चौकोन. 'क्लोराइड किती?' असं विचारलं असेल तर क्लोराइड मोजायचं, चौकोनात आकडा लिहायचा आणि कागद खिडकीतून परत द्यायचा. बाटलीत मेलेला बेडूक का निघेना, त्याच्याबद्दल विचारलं नसेल तर सांगायचं नाही. संरक्षणासाठी संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याला कळावं असा दंडक होता. तो पाळण्यात तिथली माणसं इतकी तरबेज झाली होती, की निम्म्या जणांना आपण स्वतः काय करतो तेही धड ठाऊक नसावं.

रसायन विभागात या बाटल्या तपासणारी बाई सहा वर्षं तेच काम करत होती, म्हणून सगळे तिला बाटलीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. घरी ती सून होती. या गोष्टीत तिचं तेच नातं जास्त कामाचं, तेव्हा आपणही तिला सूनच म्हणू.

कारण तिचे सासरेही त्याच संस्थेत होते. तिथं एका उंच छपराखाली पाण्याचा मोठा हौद होता. साठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि उभा माणूस हात वर करूनही बुडेल एवढा खोल. त्या हौदाची देखभाल सासऱ्यांकडे. पाणी भरायचं, काढायचं, कडा घासायच्या, ऊन-थंडीप्रमाणे पाणी किती गार-गरम झालं ते वहीत लिहायचं आणि ज्या विभागाचा दिवस असेल त्या विभागाला काळे पडदे लावून द्यायचे. एकतीस वर्षं हेच. सगळे त्यांना हौदकाका म्हणत, आणि हे मात्र तोंडावर म्हणत. निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. मागे एकही डाग नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

सकाळी सासरे-सून एकाच वेळी घराबाहेर पडत, एकाच फाटकातून आत शिरत आणि सायकलींच्या छपरापाशी वेगळे होत. संध्याकाळी तिथंच भेटून परत येत. वाटेत भाव काय झाले, कुणाचं लग्न ठरलं, गुडघा कसा आहे, सगळं बोलत. कामाचा 'क' नाही. घरी तर नाहीच नाही. सासूबाई वैतागायच्या. "या घरात दोन माणसं नोकरीला जातात," त्या म्हणायच्या, "आणि काय करतात ते विचारलं की दोघंही भिंतीकडे बघतात. चोऱ्या करता की काय?" त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, चष्म्यांच्या दुकानात होता. तो बिचारा मग दिवसभरात किती चष्मे विकले ते सांगून वेळ मारून न्यायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एका मंगळवारी सुनेच्या खिडकीशी पत्रेसाहेब येऊन उभे राहिले.

पत्रेसाहेब म्हणजे धातू विभागाचे प्रमुख. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक छोटी पट्टी. एका विभागाच्या प्रमुखानं दुसऱ्या विभागाच्या खिडकीशी यायचं नाही असा नियम होता, आणि नियम मोडायची त्यांना सवय नसावी, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही दिलेल्या एका आकड्यानं माझं नऊ वर्षांचं काम बंद पडलंय."

"कुठल्या आकड्यानं?"

"ते सांगता येत नाही."

"काम कसलं?"

"तेही सांगता येत नाही."

"मग साहेब, मी करू काय?" सून म्हणाली. तिला हसू यायला लागलं होतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा बघून ते ओठातच राहिलं.

पत्रेसाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. "माझी एक वस्तू असते. पाण्यात बुडवून ठेवलेली. आकड्यावरून सगळे म्हणताहेत की ती पाण्यात विरघळतेय. पण मी तिचं तीनदा वजन केलं. केसाइतकंही घटलेलं नाही. मग जे पाण्यात सापडलं ते आलं कुठून? तेवढं बघा. शुक्रवारी समिती बसतेय. समितीनं नको म्हटलं की माझे पत्रे गेले भंगारात." पत्रे हा शब्द तोंडून निसटल्याचं लक्षात येताच त्यांनी जीभ चावली आणि ते झपाझप निघून गेले.

सून बुचकळ्यात पडली. गेल्या आठवड्यात एक बाटली आली होती खरी. 'अ‍ॅल्युमिनियम किती?' एवढाच प्रश्न. आकडा बराच मोठा निघाला होता, तिनं तो चौकोनात लिहिला होता आणि विसरून गेली होती. तिला जे विचारलं त्याचं उत्तर बिनचूक दिलं होतं. तरी एका माणसाची नऊ वर्षं बुडत होती. मग चुकलं कोण?

बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच सुनेनं न विचारलेलं काही मोजायला घेतलं. तेही कसं, तर दार लोटून घेऊन, कुणाच्या घरात खिडकीतून डोकवावं तसं. सल्फेट निघालं. पोटॅशियम निघालं. ती पुन्हा बुचकळ्यात. पत्रा विरघळला तर अ‍ॅल्युमिनियम येईल हे समजू शकतं, पण पोटॅशियम कुठून येणार? तिनं नळाच्या पाण्यात मुळातच असतं तेवढं वजा केलं आणि कणांच्या हिशेबात मांडून बघितलं. पोटॅशियम एक वाटा, सल्फेट दोन वाटे, आणि अ‍ॅल्युमिनियम एक वाट्याला जरा कमी, कारण त्यातलं काही गाळ होऊन तळाशी बसलेलं. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पोरही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेल.

तुरटी.

दाढी करताना कापलं की लावतात ती. गढूळ पाण्यात फिरवतात ती. युद्धाच्या विद्या जिथं घडवतात तिथल्या कुलूपबंद पाण्यात तुरटी! सुनेनं तीनदा हिशेब तपासला. मग एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आणखीच गोंधळ. गाळाच्या गुठळ्यांमध्ये काचेचे इवलेइवले पोकळ गोळे अडकलेले होते, अगदी गोल गरगरीत. हे कशाला, कुणी, कुठल्या पाण्यात टाकले, तिला काही म्हणता काही कळेना. कुठंतरी पाणी मुरतंय एवढं मात्र कळलं.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा गुडघा दुखत होता म्हणून ते पुढं गेले होते आणि सून एकटीच घरी निघाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तिला हाक मारली.

"वहिनी, हौदकाकांना सांगा, त्यांचं तुरटीचं पोतं आलंय. चौथं. आणि पुढच्या वेळी आधी कळवा म्हणावं. आधीची तीन पोती दिली ना, एवढी तुरटी मी पाच वर्षांत विकत नाही. घरात विहीर-बिहीर खणलीत की काय?"

सून हसली. काहीतरी बोलायचं म्हणून "सांगते" म्हणाली. घरात विहीर नव्हती. घरात एक घागर होती आणि तिला तुरटी लागत नव्हती.

घरी गेल्यावर तिनं धुवायच्या कपड्यांतून सासऱ्यांची कामावरची पँट काढली. तिच्या पायाच्या दुमडीत नेहमी पांढरी चकचकीत पूड साठलेली असायची. सहा वर्षं ती सिमेंट समजून झटकत आली होती. आज चिमूटभर कागदात बांधून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तेच गोळे. पोकळ, काचेचे, गोल गरगरीत. हातच्या काकणाला आरसा कशाला? बाटली सासऱ्यांच्या हौदातली होती, आणि तुरटीही सासऱ्यांचीच होती.

बुधवारची संध्याकाळ. सासरे पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. सून शेजारी बसली. कसं काढावं, कुठून काढावं, तिला सुचेना.

"बाबा, दुकानदार सांगत होता, तुरटीचं पोतं आलंय."

"हं."

"एवढी तुरटी कशाला लागते हो?"

सासऱ्यांनी चोळणं थांबवलं. मान वळवून तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांच्या खिशात हात घातला. "घरी नको, सूनबाई."

"तसं नाही, मला फक्त..."

"मी कधी तुझ्या बाटल्यांबद्दल विचारलंय? मग?" ते रागावले नव्हते, पण आवाज ठाम होता. "एकतीस वर्षं तुझ्या सासूला सांगितलं नाही. पाच आठवड्यांसाठी कशाला तोंड उघडू?"

आता हिनं काय बोलावं? का विचारतेय ते सांगायचं तर बाटली सांगायला हवी, बाटली सांगायची तर नियम मोडायला हवा. नियम मोडला असता एक वेळ, पण समोरचा माणूस तो मोडू देईल तर ना! तिनं दुसरीकडून शिरायचा प्रयत्न केला. "शुक्रवारी म्हणे कसलीशी समिती आहे."

"आहे ना!" सासऱ्यांचा चेहरा एकदम उजळला. "मला बोलावलंय. वही घेऊन या म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बोलावलं बघ मीटिंगला. अहो, ऐकलं का," त्यांनी आत हाक दिली, "तो पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवा."

हा माणूस पांढरा शर्ट घालून स्वतःच्या पायांनी तिथं जाणार होता, आणि तिथं काय बोललं जातंय ते सुनेनं त्याच दिवशी दुपारी कॅन्टीनच्या रांगेत ऐकलं होतं. पाण्यात कुणीतरी मुद्दाम काहीतरी कालवतंय. घातपात. सुरक्षा अधिकाऱ्यानं माणूस सापडला तर बेड्याच घालणार असं सांगितलंय. गप्प बसावं, तर पत्रेसाहेबांची नऊ वर्षं जातात. बोलावं, तर सासऱ्यांची एकतीस. गुरुवारचा सगळा दिवस ती या दोन आकड्यांमध्ये हेलकावत राहिली आणि शुक्रवार उजाडला तरी काही ठरलं नव्हतं.

समितीची खोली म्हणजे एक लांब टेबल, बारा खुर्च्या आणि बंद खिडक्या. मध्यभागी संचालक. त्यांच्या उजव्या हाताला सुरक्षा अधिकारी, ज्यांना सगळे कुलूपसाहेब म्हणत. समोर एकाशेजारी एक तीन विभागप्रमुख, आणि तिघंही आपापले कागद असे पोटाशी धरून बसलेले, जसं काही परीक्षेत शेजारचा बघून लिहील. सून टेबलाच्या टोकाला. आणि दाराशी, खुर्ची न मिळालेले, पांढऱ्या शर्टातले हौदकाका, काखेत वही.

आता या मीटिंगचं काय सांगावं! ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आपण पाहिली आहेत, पण इथं तर प्रत्येकानं आपलं भांडं लपवलं होतं आणि शिवाय ताक हा शब्दही कुणी उच्चारत नव्हतं.

"तुमची अडचण काय?" संचालकांनी प्रवाह विभागाच्या प्रमुख बाईंना विचारलं. पाण्यातल्या भोवऱ्यांचा अभ्यास करण्यात त्यांची उमर गेली होती, म्हणून त्या भोवरेबाई.

"आम्ही पाण्यात एक गोष्ट टाकतो," भोवरेबाई म्हणाल्या. "ती पाण्यात तरंगत राहायला हवी. तीन महिने झाले, ती बुडते."

"कोणती गोष्ट?"

"या खोलीत सांगता येणार नाही."

"बरं. तुमचं?"

प्रकाशाच्या किरणातून निरोप पाठवणाऱ्या विभागाचे उजेडसाहेब खुशीत होते. "आमची काहीच अडचण नाही. उलट गेले तीन महिने आमचं जेवढं छान चाललंय तेवढं गेल्या सात वर्षांत चाललं नव्हतं. पुढच्या महिन्यात आमची वस्तू समुद्रात जातेय. माणसांसोबत."

"पण एकाएकी छान का चालायला लागलं?"

"ते..." उजेडसाहेब अडखळले. "ते आम्हालाही नीटसं कळलेलं नाही. पण चालतंय ना!"

पत्रेसाहेबांनी उठून वजनाचे आकडे वाचायला सुरुवात केली. कुलूपसाहेबांनी त्यांना मध्येच अडवलं. त्यांच्या मते सगळं लख्ख होतं. एकाचं काम बुडतंय, दुसऱ्याचं विरघळतंय, तिसऱ्याचं सुसाट सुटलंय, म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी वाईट करण्यासाठी पाण्यात हात घातलाय. किंवा स्वतःचं अपयश झाकायला, असं म्हणून त्यांनी पत्रेसाहेबांकडे रोखून पाहिलं. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी सुरू.

"बाई," कुलूपसाहेब सुनेकडे वळले, "पाण्यात अ‍ॅल्युमिनियम सापडलं की नाही? हो किंवा नाही."

"हो."

"बस्स. एवढंच विचारायचं होतं."

पत्रेसाहेब खाली बसले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि मग खिशातली ती छोटी पट्टी काढून टेबलावर ठेवली, कामावरून निघताना ठेवतात तशी. सुनेला ते बघवेना. दाराकडे बघायचीही हिंमत होईना. तिनं मनाशी पटकन एक तडजोड केली: काय ते सांगायचं, कुणी ते नाही सांगायचं.

"पण ते पत्र्यांमधलं नाही," ती म्हणाली. "ते तुरटीचं आहे."

संचालकांना आधी हसू आलं. कुलूपसाहेबांना नाही आलं. "तुरटी," त्यांनी लिहून घेतलं. "म्हणजे बाहेरून आणलेली वस्तू. म्हणजे ठरवून केलेलं काम. आज संध्याकाळच्या आत तो माणूस मला..."

"मी टाकली," दारातून आवाज आला. "तीन पोती. वहीत लिहिलंय की."

हौदकाका पुढं आले आणि त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांच्या गोलगोल, वळणदार अक्षरात तीन ठिकाणी तारखेसह लिहिलेलं होतं: 'पाणी फार गढूळ. तुरटी एक पोतं.' प्रत्येक पानाखाली सुरक्षा विभागाचा शिक्का आणि कुलूपसाहेबांची सही.

"तुम्ही वाचलं नाही?" संचालकांनी विचारलं.

"मला फक्त पानं मोजायचा अधिकार आहे," कुलूपसाहेब म्हणाले. "वाचायचा नाही." विभागप्रमुखांनाही तो नव्हता. प्रत्येकाला फक्त स्वतःच्या वारांची पानं बघायची मुभा, आणि तुरटी पडली होती रविवारी.

"पण का टाकलीत?"

"पाणी घाण झालं होतं, साहेब. हौद रिकामा करून, घासून, पुन्हा भरून पाणी निवळायला नऊ दिवस लागतात. मी तिघांनाही विचारलं. तिघंही म्हणाले आमचे दिवस देता येणार नाहीत, का ते सांगता येणार नाही. मला तर ते पाणी बघवेना. मग म्हटलं, जुना उपाय करू." आणि आपलं म्हणणं मोठ्या माणसांनी इतकं शांतपणे ऐकून घ्यायची त्यांची पहिलीच वेळ असल्यामुळं हौदकाका खुलले. "आता तुमचा गोंधळ मी सांगतो ना. भोवरेबाई काचेचं पीठ टाकतात, पाणबुडीची लहान प्रतिकृती ओढतात तेव्हा मागं पाणी कसं गरगरतं ते दिसावं म्हणून. ते पीठ तुरटीनं गुठळ्या होऊन तळाला बसलं. म्हणून बुडतंय. उजेडसाहेबांचा तो निळा-हिरवा किरण आधी त्याच पिठात अडायचा, त्यांचा निरोप पलीकडच्या टोकाला पोचायचाच नाही. पाणी निवळलं, आणि पोचायला लागला. पण साहेब, समुद्राचं पाणीही गढूळच, त्यात कोण तुरटी टाकणार? तिथं नाही पोचायचा. त्याच्या भरवशावर माणसांना पाण्याखाली नका पाठवू. आणि पत्र्यांना काहीएक झालेलं नाही, मी रोज सकाळी बघतो, नव्यासारखे आहेत."

चार विभागांच्या सत्तर हुशार माणसांना तीन महिने जे उमगलं नव्हतं, ते हौदकाकांनी दोन मिनिटांत टेबलावर मांडलं. भोवरेबाईंनी मध्येच दोन्ही कानांवर हात ठेवले होते, कारण उजेडसाहेबांचं काम ऐकायची त्यांना परवानगी नव्हती. उजेडसाहेबांचा चेहरा पडला, पण मान हळूहळू होकारार्थी हलायला लागली. पत्रेसाहेब रडत होते की हसत होते ते सांगता येणं कठीण. आणि सुनेला वाटलं, उठावं आणि भर समितीत टाळ्या वाजवाव्यात. तिला आपल्या सासऱ्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

कुलूपसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?" हौदकाका हसले. "पडदे मीच लावतो की!"

त्यांना वाटलं, आपलं कौतुक होतंय. खोलीत दुसरं कुणीच हसलं नाही हे त्यांना जरा उशिरा कळलं.

तुरटीचं कुणी काही मनावर घेतलं नाही. ती वहीत होती, वहीवर शिक्का होता, शिक्क्याखाली सही होती, आणि सही कुणाची ते सगळ्यांनी वाचलं होतं. पत्र्यांचं काम सोमवारपासून पुन्हा सुरू करायचं ठरलं. किरणाचं यंत्र समुद्रावर जाणं थांबलं. पण एका माणसाला, ज्याला पाण्याशिवाय काहीही माहीत असायचं कारण नव्हतं, त्याला तीन विभागांचं सगळं माहीत होतं, ही गोष्ट कुलूपसाहेबांना तुरटीच्या तीनशे पोत्यांहून जड होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि यानं तर तीन मुठी एकदम उघडून दाखवल्या. दुपारी साडेतीन वाजता हौदकाकांचा पास काढून घेतला. पाच आठवडे घरीच थांबा म्हणाले. निरोप समारंभ होणार नाही असंही सांगितलं. पत्रेसाहेब त्यांच्यासाठी संचालकांकडे दोनदा जाऊन आले आणि दोनदा हात हलवत परत आले.

त्याआधी एका कागदावर सही घेतली. 'सोबतच्या यादीतील ज्या बाबी माझ्या अधिकाराबाहेर आहेत, त्या मी विसरेन आणि कधीही आठवणार नाही.' यादी लाखेनं बंद केलेल्या पाकिटात होती. हौदकाकांनी बोटं शर्टाला पुसून पाकिटाकडे हात नेला, तर कुलूपसाहेब म्हणाले, "ते उघडता येणार नाही. त्यातलं वाचायचा तुम्हाला अधिकार नाही." हौदकाकांनी पाकिटाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि आपल्या वळणदार अक्षरात सही केली. त्यांच्यानंतर सुनेला आत बोलावलं.

दोघं उन्हातून घरी आले. वाटेत भाव निघाले नाहीत, लग्न निघालं नाही, गुडघाही निघाला नाही. सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आज लवकर? काय झालं हो मीटिंगला? शर्टाला काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शर्टाबद्दल सांगायला चालेल की नाही, ते त्यांना ठरवता येईना. सासूबाई एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघून कपाळावर हात मारत चहा टाकायला आत गेल्या.

सासरे पायरीवर बसले. सून समोर उभीच राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. "माझ्यामुळं झालं हे. मी तुरटीचं नाव काढायला नको होतं."

"छे गं. बरं केलंस. त्या बिचाऱ्याचे पत्रे वाचले. आणि ती माणसं पाण्यात उतरणार होती." त्यांनी तिला बसायला जागा करून दिली. बराच वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. शेवटी त्यांनी आतल्या दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"सूनबाई, सही केलीय म्हटल्यावर मी विसरणार. आपण शब्द मोडत नाही. पण एवढं सांग, यादीत काय होतं? पत्रे विसरायचे, की पीठ विसरायचं, की पाणीच विसरायचं? एकतीस वर्षांतलं नेमकं कुठलं काढायचं, ते कळल्याशिवाय काढू कसं मी?"

सुनेनं डोळे पुसले.

"मलाही दाखवली नाही, बाबा," ती म्हणाली.